पाण्याला वाट देणारा अभियंता : सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून पैनगंगा वाहते. भीमपूरसारख्या तिच्या खोऱ्यातील गावांना समुद्राची भरती कधी पाहावयास मिळालेली नाही. परंतु श्रावण-भाद्रपदात नदी दुथडी भरली, की तिला मिळणाऱ्या ओढ्यानाल्यांच्या पाण्याला पुढे सरकावयास जागा उरत नाही; ते मागे फिरते आणि सखल शेतांत, वस्त्यांत चढू लागते. खाडीच्या मुखाशी वसलेल्या गावाला भरती जी पीडा देते, तिचेच हे कोरड्या मुलखातील रूप होय. पैनगंगेच्या दक्षिणेचा हा सारा प्रदेश एकेकाळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानच्या राजधानीवर १९०८ साली पाण्याने घाला घातला, तेव्हा शहर पुन्हा बुडू नये याचा उपाय सुचविण्यासाठी ज्या अभियंत्याला पाचारण करण्यात आले, तो पुण्यात शिकलेला आणि चोवीस वर्षे मुंबई इलाख्याच्या नद्या-कालव्यांवर राबलेला होता. म्हैसूरचे दिवाण आणि भारतरत्न म्हणून सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचे नाव सर्वतोमुखी आहे. १५ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस देशभर अभियंता दिन म्हणून पाळला जातो. तथापि त्यांच्या दीर्घ आयुष्यातील पुराशी झालेली झुंज मराठी वाचकाच्या अधिक जवळची असूनही तिच्याविषयी त्या मानाने थोडेच लिहिले गेले आहे.

विश्वेश्वरय्यांचा जन्म म्हैसूर संस्थानातील चिक्कबळ्ळापूरनजीकच्या मुद्देनहळ्ळी या खेड्यात, संस्कृतविद्येची परंपरा असलेल्या ब्राह्मण कुटुंबात झाला. जन्मवर्षाविषयी १८६० आणि १८६१ असे दोन पाठ आहेत. जन्मशताब्दी मात्र १९६० साली साजरी झाली. लहान वयातच पितृछत्र हरपले. बंगळूरला मामांच्या आधाराने आणि मुलांच्या शिकवण्या घेऊन त्यांनी सेंट्रल कॉलेजातील शिक्षण पुरे केले व मद्रास विद्यापीठाची पदवी मिळविली. म्हैसूर सरकारने शिष्यवृत्ती देऊन त्यांना पुण्याच्या सायन्स कॉलेजात स्थापत्यशास्त्र शिकण्यास पाठविले. १८८३ च्या अंतिम परीक्षेत ते मुंबई इलाख्यात पहिले आले. पहिल्या येणाऱ्यास सरकारी नोकरी मिळत असे. त्यामुळे १८८४ साली मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून नाशिक येथे त्यांची नेमणूक झाली.

नाशिकहून ते खानदेशात गेले. धुळे भागात पांझरा नदीच्या पात्राखालून नळ टाकून पाणी पलीकडे नेण्याचे काम तरुण अभियंत्याच्या वाट्यास आले. पावसाळ्यात पांझरेला येणाऱ्या पुरांनी या कामात वारंवार खोडा घातला, तरीही त्यांनी ते तडीस नेले. नदी नकाशावर जशी दिसते तशी ती प्रत्यक्षात नसते, हा धडा त्यांना महाविद्यालयात नव्हे, तर पांझरेच्या वाळूत मिळाला असावा. पुढे सिंधमधील सक्कर शहराला पाणीपुरवठा करण्याचे काम त्यांच्याकडे आले. सिंधू नदीचे पाणी कमालीचे गढूळ होते आणि ते गाळण्यासाठी मोठी यंत्रणा उभारण्याइतका पैसा नगरपालिकेजवळ नव्हता. तेव्हा विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खणून वाळूतून आपोआप गाळले गेलेले पाणी उचलण्याची युक्ती योजली. हाताशी असलेल्या निसर्गाकडूनच काम करून घेण्याची ही वृत्ती त्यांच्या पुढील सर्व कामांत दिसून येते.

पुण्यात त्यांचे वास्तव्य बराच काळ झाले. न्यायमूर्ती रानडे, नामदार गोखले, डॉ. भांडारकर यांच्या वर्तुळात त्यांची ऊठबस होती आणि १८९१ मध्ये डेक्कन क्लबच्या स्थापनेतही त्यांनी पुढाकार घेतला होता. १८९८ साली ते चीन-जपानचा प्रवास करून आले. पाटबंधाऱ्यांचे कार्यकारी अभियंता या नात्याने त्यांनी नीरा कालव्यावर सुरू केलेली ब्लॉक पद्धत हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. कालव्याच्या मुखाजवळच्या शेतकऱ्यांनी उसासाठी मनमानी पाणी घ्यावे आणि शेवटच्या गावाने कोरडे राहावे, हा अन्याय मोडण्यासाठी ठराविक क्षेत्राचे गट पाडून त्यांत ऊस, भात व कोरडवाहू पिके आळीपाळीने घेण्याची ही योजना होती. आरंभी शेतकऱ्यांनी तिला विरोध केला. पुढे तिचा लाभ पटत गेला.

परंतु पुराच्या प्रश्नाकडे नेणारे काम खडकवासल्याचे. मुठा नदीवरील हे दगडी धरण १८७९ च्या सुमारास पुरे झाले होते. त्याच्या जलाशयाला फाईफ तलाव म्हणत आणि पुणे शहर व खडकी छावणी यांचे पिण्याचे पाणी, तसेच कालव्यांवरची शेती त्यावर अवलंबून होती. प्रत्येक धरणाच्या रचनेत एक अपरिहार्य विसंगती असते. सांडव्याच्या माथ्यापर्यंत पाणी साठविता येते. पण महापूर आल्यास पाणी त्याहूनही काही फूट वर चढणार, म्हणून धरणाची भिंत तेवढी उंच बांधावी लागते. ही वरची जागा वर्षभर रिकामी राहते. तेथे पाणी साठविले तर पूर कोठे मावणार, आणि साठविले नाही तर उन्हाळ्यात टंचाई. ज्या पाण्याची तहान तेच पाणी भयाचे कारण, अशी ही कोंडी होती.

विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवून ती सोडविली. एरवी हे दरवाजे बंद राहत व पाणी सांडव्याच्या माथ्याहून सुमारे ८ फूट अधिक उंचीपर्यंत साठे. पुराचे पाणी ठरविलेल्या पातळीच्या वर चढू लागले, की त्याच पाण्याच्या जोराने समतोल राखणारी वजने हलत आणि दरवाजे आपोआप उघडत. पातळी उतरली की ते पुन्हा मिटत. मध्यरात्री मुसळधार पावसात दरवाजे उघडण्यास कोणी माणूस धावत जाण्याची गरज उरली नाही. १९०३ मध्ये हे दरवाजे बसले. धरणाची भिंत एका इंचानेही न वाढविता तलावाची साठवण भरघोस वाढली. पुढे ग्वाल्हेर संस्थानातील तिग्रा व म्हैसूरच्या कृष्णराजसागर धरणावरही हीच रचना योजण्यात आली. तिचे पेटंट विश्वेश्वरय्यांच्या नावाने घेतले गेले. परंतु सरकारी नोकरीत असताना लावलेल्या शोधाचे मानधन स्वीकारणे त्यांना प्रशस्त वाटले नाही. त्यांच्याविषयी मेणबत्तीच्या, आगगाडीच्या अनेक कथा सांगितल्या जातात. त्यांच्या खरेखोटेपणाचा शोध घेण्यापेक्षा ही एक गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी.

१९०६ मध्ये एडन बंदराच्या पाणीपुरवठ्याची व सांडपाण्याची योजना त्यांनी आखून दिली. त्या काळी मुंबई इलाख्यात मुख्य अभियंत्याचे पद हिंदी माणसाला मिळणे दुरापास्त होते. अधीक्षक अभियंत्याच्या पायरीपर्यंत पोहोचलेल्या विश्वेश्वरय्यांनी १९०८ मध्ये स्वेच्छेने सेवानिवृत्ती पत्करली आणि ते परदेश प्रवासास निघून गेले.

ते युरोपात असताना हैदराबादेत प्रलय झाला. विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या टेकड्यांत उगम पावणारी मुसी नदी एरवी उन्हाळ्यात पायी ओलांडता येण्याजोगी. शहराच्या थोडे वर तिला इसी ही नदी मिळते. सप्टेंबर १९०८ च्या अखेरीस या दोन्ही नद्यांच्या पाणलोट क्षेत्रात विलक्षण पाऊस कोसळला. शमशाबाद येथे ४८ तासांत सुमारे १९ इंच पावसाची नोंद झाली. २८ सप्टेंबर रोजी मुसीने काठ सोडले. अफजल पूल, मुसल्लम जंग पूल आणि चादरघाटचा पूल वाहून गेले. कुतुबशाहीतील जुना पूल तेवढा टिकला. अफजलगंज, कोलसावाडी यांसारख्या नदीलगतच्या दाट वस्त्या पाण्याखाली गेल्या. सुमारे १९,००० घरे पडली, ८०,००० माणसे बेघर झाली. मृतांची संख्या १५,००० च्या घरात होती असे सामान्यतः मानले जाते. अफजलगंजच्या रुग्णालयाच्या आवारातील एका चिंचेच्या झाडाने सुमारे दीडशे माणसांना आपल्या फांद्यांवर धरून वाचविले. ते झाड पुढे शतकभर शहराच्या आठवणीचा भाग बनून राहिले. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी आपल्या वाड्यांचे दरवाजे निराश्रितांसाठी खुले केले.

निजाम सरकारची तार विश्वेश्वरय्यांना परदेशात मिळाली. ठरलेला प्रवास अर्धा टाकणे त्यांना मान्य नव्हते. सरकारने थांबण्याची तयारी दाखविली. १९०९ च्या एप्रिलमध्ये ते हैदराबादेत दाखल झाले. शहराच्या पुनर्रचनेस साहाय्य, भावी पुरांपासून संरक्षण आणि सांडपाण्याच्या निचऱ्याची योजना ही तीन कामे त्यांच्याकडे सोपविण्यात आली होती.

अशा प्रसंगी लोकांची पहिली मागणी नदीकाठी उंच भिंत बांधण्याची असते, आणि ती स्वाभाविकही असते. पाणी ज्या बाजूने आले त्या बाजूला आडोसा उभा करावा, असे कोणालाही वाटेल. विश्वेश्वरय्यांनी प्रथम नदीऐवजी तिच्या मागचा मुलूख मोजला. शहराच्या वरच्या बाजूस ८६२ चौरस मैलांचे पाणलोट क्षेत्र होते आणि त्यात लहानमोठे ७८८ तलाव, म्हणजे जवळजवळ प्रत्येक चौरस मैलास एक. काकतीय व कुतुबशाही काळापासून तेलंगणात तलाव बांधण्याची जी परंपरा होती, तिचेच हे धन. पण महापुरात त्यांपैकी २२१ तलाव फुटले होते. वरचा तलाव फुटला की त्याचा लोंढा खालच्या तलावावर आदळतो, तोही फुटतो, आणि असे करीत करीत पाऊस जेवढा पडला त्याहून कितीतरी उग्र रूपाने पाणी शहरावर येते. पुराचा सर्वोच्च विसर्ग सेकंदाला ४,२५,००० घनफूट असल्याचे अनुमान निघाले. संरक्षण म्हणून ज्यांच्याकडे पाहावे तेच बांध देखभालीअभावी किंवा अपुऱ्या सांडव्यामुळे संकटाचे साधन कसे होतात, हे या मोजणीने दाखवून दिले. या अहवालातील सर्वांत मोलाचा भाग हाच म्हणावा लागेल. पुढे उभ्या राहिलेल्या भव्य धरणांच्या कौतुकात तो मागे पडला.

एवढे पाणी शहरातील पात्रातून सुखरूप न्यावयाचे तर दोन्ही काठांना डोंगराएवढे तट बांधावे लागले असते. शिवाय तटाची आणखी एक अडचण असते. नदीला बाहेर ठेवणारा तट शहरात पडलेल्या पावसालाही आत अडवून धरतो. नदी चढलेली असताना गटारांची तोंडे उघडी ठेवली तर पाणी उलटे आत येते, मिटली तर शहर आपल्याच पाण्यात बुडते. समुद्रकाठच्या सखल गावांत भरतीच्या वेळी हेच घडते. म्हणून तेथे नुसता बांध पुरेसा होत नाही. त्याला उघडझाप करणारी दारे ठेवावी लागतात. कोकणातील खारजमिनीच्या बांधांना उघाडी असते ती याचसाठी.

१ ऑक्टोबर १९०९ रोजी विश्वेश्वरय्यांनी आपला अहवाल सादर केला. मुसी आणि इसी या दोन्ही नद्यांवर शहराच्या काही मैल वर एकेक मोठा जलाशय बांधावा. पुराचा माथा तेथेच अडवून धरावा व शहरातील पात्राला पेलेल एवढेच पाणी हळूहळू खाली सोडावे. शहरातील काठ आवश्यक तेथे उंच करून त्यावर रस्ते व उद्याने करावीत, असा त्याचा मथितार्थ होता. खडकवासल्यात साठवणीसाठी बांधलेल्या धरणाला त्यांनी पूर सोडण्यास शिकविले होते. येथे पूर अडविण्यासाठी बांधावयाच्या धरणांतून शहराची तहान भागविण्याची सोय होणार होती. प्रश्न एकच होता, बाजू उलट झाली होती.

अहवाल देऊन त्यांनी हैदराबाद सोडले. नोव्हेंबर १९०९ मध्ये म्हैसूर संस्थानचे मुख्य अभियंतापद त्यांनी स्वीकारले. अहवाल कपाटात पडून राहण्याचे भाग्य अनेक योजनांच्या कपाळी लिहिलेले असते. ही योजना त्यातून वाचली. १९११ मध्ये गादीवर आलेल्या मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीत १९१२ साली नगर सुधार मंडळ स्थापन झाले. गंडीपेठ येथे मुसीवरील उस्मानसागर १९२० मध्ये आणि इसीवरील हिमायतसागर १९२७ मध्ये पुरा झाला. संस्थानचे कर्तबगार अभियंते नवाब अली नवाज जंग यांचा या कामातील वाटा मोठा आहे. विश्वेश्वरय्यांचे नाव घेताना तो विसरणे अन्यायाचे होईल. नदीकाठच्या उद्ध्वस्त जागी उच्च न्यायालय, उस्मानिया रुग्णालय अशा इमारती उभ्या राहिल्या. १८९१ मध्ये स्थापन झालेले आसफिया ग्रंथालयही १९३० नंतरच्या दशकात अफजलगंजमधील मुसीकाठच्या नव्या इमारतीत आले. जेथे १९०८ मध्ये पुराचे थैमान होते, त्याच भागात राज्याचे सर्वांत मोठे पुस्तकभांडार निर्धास्तपणे ठेवण्यात आले, यावरून योजनेवरील विश्वासाची कल्पना यावी.

तो विश्वास बव्हंशी सार्थ ठरला. मात्र दोन्ही जलाशयांच्या खालच्या बाजूस, शहरावरच पडणाऱ्या पावसाला ही धरणे अडवू शकत नाहीत. ऑगस्ट २००० आणि ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबादेने त्याचा अनुभव घेतला. २०२० च्या त्या पावसात बालापूर भागातील गुर्रम चेरुवू हा तलाव फुटला आणि खालच्या वस्त्यांत पाणी शिरले. १९०९ च्या अहवालात मोजलेल्या तलावांची आठवण त्या वेळी फार थोड्यांना झाली असेल. आदिलाबादच्या जुन्या पिढीला कडेमची आठवण अधिक असणार. तेथील नवे धरण १९५८ साली पुरात फुटले आणि सांडव्याची क्षमता वाढवून ते पुन्हा उभे करावे लागले.

म्हैसूरमधील त्यांची कारकीर्द सर्वश्रुत आहे. १९११ मध्ये आरंभलेले कावेरीवरील कृष्णराजसागर धरण, १९१२ ते १९१८ या काळातील दिवाणपद, १९१६ चे म्हैसूर विद्यापीठ, भद्रावतीचा लोखंड कारखाना ही कामे एका आयुष्याला पुरून उरणारी आहेत. दिवाणपद सोडण्यामागे ब्राह्मणेतरांना सरकारी नोकऱ्यांत राखीव जागा देण्याच्या प्रश्नावरील मतभेद हे एक प्रमुख कारण होते. विश्वेश्वरय्या केवळ गुणवत्तेच्या बाजूने उभे राहिले, तर महाराजांनी त्या प्रश्नासाठी मिलर समिती नेमली. कालव्याच्या मुखाशी बसलेल्याला पाणी अधिक मिळते हे नीरेकाठी ज्यांनी अचूक ओळखले, त्यांना शिक्षणाच्या कालव्यावरही मुखाशी बसलेले काही थोडेच आहेत हे तितकेसे जाणवले नाही, असे आज वाटल्याशिवाय राहत नाही.

निवृत्तीनंतरही पाण्याने त्यांची पाठ सोडली नाही. मुंबईच्या बॅकबेमध्ये समुद्र हटवून जमीन काढण्याची योजना फसली आणि खर्चाच्या मानाने काम पुढे सरकेना, तेव्हा १९२६ मध्ये सर ग्रिमवुड मिअर्स यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चौकशी समितीत विश्वेश्वरय्या सदस्य होते. १९३७ मध्ये ओरिसातील पुरांचा अभ्यास त्यांनी केला. महानदीच्या मुखप्रदेशात नदीचा पूर आणि समुद्राची भरती एकमेकांना भिडतात आणि पिढ्यान्पिढ्या बांधलेले तट वरचेवर फुटतात. तेथेही त्यांनी दृष्टी तटांवरून उचलून नदीच्या वरच्या अंगाकडे, जलाशयांकडे वळविली. १९५७ मध्ये पुऱ्या झालेल्या हिराकुड धरणामागील विचाराला या अभ्यासाचे साहाय्य झाले. १९२० मधील हिंदुस्थानच्या पुनर्रचनेवरील ग्रंथ, १९३४ मधील नियोजित अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ आणि १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कार्यकालाच्या आठवणी अशी त्यांची ग्रंथसंपदा आहे. आठवणींचे पुस्तक आत्मचरित्रापेक्षा कामाच्या नोंदवहीसारखे अधिक वाटते. मनातील हर्षखेद त्यात शोधू जाणाऱ्याच्या हाती फारसे लागत नाही. किती फूट, किती मैल, किती खर्च हे मात्र चोख सापडते. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न देऊन गौरविण्यात आले.

१२ जुलै १९६१ रोजी पुण्याजवळ नुकतेच उभे राहत असलेले पानशेतचे धरण पहिल्याच पावसाळ्यात फुटले. त्याचा लोंढा खाली खडकवासल्याच्या जलाशयात आला. ज्या सांडव्यावर विश्वेश्वरय्यांनी १९०३ मध्ये स्वयंचलित दरवाजे बसविले होते, त्यातून मावेल असे ते पाणी नव्हते. पाणी भिंतीवरून वाहू लागले, जुने दगडी धरण भगदाड पडून फुटले आणि मुठेने पुण्याच्या पेठा बुडविल्या. वरचा बांध खालच्या बांधाला कसा घेऊन जातो, याचा मुसीकाठी १९०९ मध्ये मांडलेला हिशेब बावन्न वर्षांनी त्यांच्या स्वतःच्या विद्यानगरीत खरा ठरला. त्या वेळी विश्वेश्वरय्या शंभरीच्या घरात होते. पुढच्या एप्रिलमध्ये, १९६२ साली, बंगळूर येथे त्यांचे निधन झाले आणि मुद्देनहळ्ळी या जन्मगावी त्यांच्या देहाला अग्नी देण्यात आला. खडकवासल्याचे धरण दुरुस्त करून पुन्हा वापरात आणले गेले.